पिवळीसाठी दुसरं माणूस

कोष्टीपुऱ्यातल्या त्या बोळात शिरलं की आधी खळीचा आंबूस वास यायचा, मग मागावरच्या धोट्याची खटखट ऐकू यायची, आणि साळूबाई स्वतः सगळ्यांत शेवटी दिसायच्या. नागपूरच्या उन्हातून आत आलेल्या डोळ्यांना पहिल्यांदा नुसता काळोख दिसे. मग त्या काळोखातून ताणलेले पांढरे धागे उमटत, धाग्यांवरून फिरणारे दोन सुकलेले हात उमटत, आणि हातांमागे कमरेपर्यंतच्या साळूबाई. कमरेखालच्या साळूबाई जमिनीत असत. हातमागाला खड्डा असतो. विणणारा त्याच्या काठावर बसतो, पाय आत सोडतो आणि तळाच्या फळ्या पायांनी दाबत राहतो. नवरा गेल्यापासून त्या एकट्या अशा अर्ध्या जमिनीत बसून लुगडी विणत होत्या. घरात कुणी आलं, रडलं, भांडलं, तरी त्यांची नजर धाग्यावर असे आणि कान माणसाकडे. पहिल्या भेटीत मला तो उद्धटपणाच वाटला होता.

मी तेव्हा शहराबाहेरच्या एका पांजरपोळात कारकून होतो. राज्य गोऱ्यांचं, नागपूर मध्यप्रांताची राजधानी, आणि माझं राज्य म्हणजे लंगडे बैल, आंधळ्या गाई, एक मोडकं मेज आणि एक जाडजूड वही. जनावर आलं की वहीत नोंद, मेलं की नोंद, कुणी नेलं तर त्याच्या नावापुढे ‘निकाली’. मागच्या अंगाला कुत्र्यांचं आवार होतं. त्या वर्षी चैत्रात विश्वस्तांनी ठरवलं की पांजरपोळ गाईगुरांसाठी आहे, कुत्र्यांचं आवार ज्येष्ठाअखेर बंद. तोवर ज्यांना घर मिळेल ती सुटली, उरतील त्यांची रवानगी कुत्री पकडणाऱ्यांच्या गाडीत. गाडीतून परत आलेलं कुत्रं मी तरी पाहिलं नव्हतं.

एकेक करून सगळी गेली. राहिली ती वहीत जिचं नाव मी ‘पिवळी’ लिहिलं होतं ती. तिच्या मानेभोवती तारेचा वळ होता, त्या जागी केस कधी उगवलेच नाहीत. ती भुंकत नसे, गुरगुरत नसे. समोरच्यानं नुसतं डोकं खाजवायला हात उचलला तरी ती जमिनीला चिकटे आणि तिच्याखाली ओलं होई. काठीला भिणारी कुत्री पुष्कळ पाहिली. ही रिकाम्या हाताला भीत होती. कुणीही पाहत नसेल तेव्हाच ती खायची, त्यामुळे तिला कधी खाताना पाहिलेला माणूस आमच्यात नव्हता.

तिच्यासाठी मी पहिलं घर शोधलं ते सीताबर्डीवरच्या एका वकिलांचं. भली माणसं, मोठं अंगण, घरात कुणाचा आवाज चढत नसे. आणखी काय हवं, असं मला वाटलं, आणि स्वतःच्या निवडीवर मी खूश झालो. पिवळीला घेऊन पोचलो तर वकिलीणबाई दारात ताम्हण घेऊन उभ्या. नवं जनावर घरात येतं त्याला ओवाळून आत घ्यायचं, गाय असो की घोडा, ही आपल्याकडची रीत. त्यांनी ती बिचाऱ्या कुत्र्यासाठीही पाळली म्हणून माझे डोळे भरून आले. मूर्ख मी. निरांजनाची ज्योत तिच्या डोळ्यांपुढून एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली, मग कुंकवाचं बोट कपाळाकडे आलं आणि तिनं त्यांचं मनगट दातांत धरलं. फडक्यानं हात बांधून घेता घेता त्या माउली म्हणाल्या, “तिला कळलं नाही हो.” खरं तर कळलं नव्हतं आम्हाला. त्याच संध्याकाळी पिवळी आवारात परत आली, आणि तिच्या नावापुढे मला माझ्याच अक्षरात ‘चावरी’ लिहावं लागलं. आता तिला मागायला कोण येणार होतं?

साळूबाईंचं नाव मला पांजरपोळाच्या दिवाणजींनी सुचवलं. पूर्वी त्यांनी पांजरपोळातली दोन कुत्री नेली होती, दोन्ही अशीच माणसाला विटलेली. त्यांच्याकडे ती म्हातारी होऊन मेली. मी गेलो. मागाच्या खटखटीत सगळी हकिगत सांगितली. ताम्हणाशी आल्यावर धोटा क्षणभर थांबला, पुन्हा चालू झाला.

“घर आहे, जागा आहे, कोनाचा धाक नाई,” त्या म्हणाल्या. “पन मी नाई घेत.”

मी कारण विचारलं.

“ते दोघं मेले तवा मी होती, बाबूजी. हे जवान आहे. हे मले पोचवन, मी याले नाई पोचवत. असं भ्यालेलं जनावर एकाच मानसाले जीव लावते. ते मानूस गेलं का मंग त्याचे हाल पहिल्यापरीस वाईट.” त्यांनी तुटलेला एक धागा जोडला. मग त्या म्हणाल्या, “याले दुसरं मानूस पायजे. तुमी होता काय?”

“काय करावं लागेल?”

“काई नाई. रोज या. पाठ करून बसा. पाहू नका, हात नका लावू, खायाले नका आनू. बसा आन जा. मी जाईन तवा ते तुमच्या मागं आलं पायजे, एवढंच.”

इतकं सोपं काम मला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. मी “हो” म्हणालो, आणि इतक्या पटकन म्हणालो की साळूबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

पिवळी त्या घरात शिरली ती सरळ मागाच्या खड्ड्यात. आधीच्या कुत्र्यांनी त्याचा एक कोपरा खरवडून रुंद केलेला होता. ती त्यात अशी मावली की जागा जणू तिच्याच मापाची. साळूबाईंनी तिला हाक मारली नाही, नावही ठेवलं नाही. “नाव ठेवलं का लोक हाका मारते, हाक आली का ते दचकते,” म्हणाल्या. खाली तिला फक्त दोन पाय दिसत, भेगाळलेले, एका ठेक्यात दबणारे आणि उठणारे. “हात माझे वर असते, कामात,” साळूबाई म्हणाल्या. “खाली निस्ते पाय. पायानं कोनी धरत नाई.” हे त्यांनी असं सांगितलं, जसं एखादी बाई भाजीत मीठ किती ते सांगते. मला मात्र त्या वेळी लाज वाटली. आम्ही तिच्यासाठी अंगण शोधत होतो, आणि तिला हवा होता एक असा माणूस ज्याचे हात दुसरीकडे गुंतलेले आहेत.

मी रोज जाऊ लागलो. चपला बाहेर काढून उंबऱ्याच्या आत, खड्ड्याकडे पाठ करून बसायचो. छपरातलं एक कवेलू, म्हणजे कौल, सरकलेलं होतं. त्यातून आलेला उन्हाचा कवडसा दुपारभर भिंतीवरून उतरत धाग्यांवर येई, आणि तो साळूबाईंच्या मनगटाशी पोचला की माझी उठायची वेळ होई. आम्ही बोलत नसू. पाठीमागं कुणी आहे आणि आपण वळायचं नाही, याची सवय व्हायला मला पंधरा दिवस लागले. महिना उलटल्यावर एके दुपारी टाचेला काहीतरी ओलं, गार लागलं. नाक होतं ते. टाचेवरून घोट्यापर्यंत आलं आणि गेलं. धोटा अखंड चालूच होता, पण साळूबाई हसल्याचं मला पाठीला कळलं. त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यात एकटाच हसत होतो. पुढं पुढं ती खड्ड्यातून निघून माझ्या पायावर हनुवटी टेकायची, चार श्वास घ्यायची, परत जायची. एवढंच. एवढ्यासाठी माणूस किती लांब चालत जाईल, असं मला तेव्हा वाटे.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे आमच्याकडे मारबतीचा. कागदाच्या, बांबूच्या अक्राळविक्राळ बाया गल्ल्यांतून मिरवत नेतात, ढोल बडवतात, आणि सारं शहर एका घशानं ओरडतं की रोगराई घेऊन जा गे मारबत. त्या दिवशी आळीत एकही माग वाजत नसे. मी पोचलो तर साळूबाईंचा चालू होता. अंग तापानं फणफणलेलं, ओठ कोरडे, आणि बाहेर शेजारीण कपाळावर हात मारून म्हणत होती, “सनाच्या दिवशी काहून माग वाजवून राहिली वं बाई, आळीवर काई येईन ना!” ढोल जवळ आले तसा साळूबाईंनी धोटा जोरानं फेकायला सुरुवात केली. खड्ड्यात पिवळी त्यांच्या पोटऱ्यांना अंग लावून थरथरत होती. फळ्या थांबल्या असत्या तर ती बाहेर पडून त्या गर्दीत कुठंही पळाली असती. मिरवणूक पार पुढं जाईपर्यंत म्हातारी विणत राहिली. त्या वीतभर कापडाची वीण दाट आणि वाकडी आली होती.

“मी बसली म्हनून ते बसलं,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “मी नसली तं तुमी बसजा.”

मी “हो” म्हणालो. हो म्हणायला काय लागतं?

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला कुठलंही कारण माझ्यापाशी नाही. बदली झाली नाही, आजार आला नाही, घरी काही घडलं नाही. पांजरपोळाच्या वहीत पिवळीच्या नावापुढे ‘निकाली’ लिहून झालं होतं, आणि कारकुनाच्या जातीला एकदा निकाली लिहिलं की ती बाब डोक्यातून जाते. रोजचा फेरा एक दिवसाआड झाला, मग आठवड्याचा. दिवाळीत गेलो नाही, दिवाळीनंतर जाऊ म्हटलं. थंडी पडली, दिवस लहान झाले, आणि कोष्टीपुरा माझ्या घराच्या वाटेवर नव्हता. ती आता सुखात आहे, हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की सांगायचीही गरज उरली नाही.

संक्रांतीला तिळगुळाची पुडी घेऊन गेलो. बोळात खळीचा वास नव्हता. साळूबाईंचा उमरेडचा पुतण्या माग सोडवत होता. धागे गुंडाळून भिंतीशी ठेवलेले, फळ्या दोरीनं बांधलेल्या, आणि खड्डा अर्धा मातीनं भरलेला. मी कोण ते सांगितलं. त्यानं लगेच बसायला पोतं अंथरलं.

“काकू गेली बाबूजी. वीस दिवस झाले.”

मी कुत्रीचं विचारलं. त्यानं फावडं बाजूला ठेवलं.

“ते खड्ड्यातून निघेचना. आत कोनी हात घातला का दात लावे. काकूनं जाता जाता सांगतलं होतं, पांजरपोळचे बाबूजी येतीन, ते त्याहिले ओळखते, त्याहिच्या मागं मुकाट जाईन. म्हनून आमी थांबलो. आठ दिवस थांबलो जी. रोज वाटे, आज येतीन. पानी तेवढं ठेवू, ते बी पेत नोहतं.” मग आवाज उतरवून म्हणाला, “मंग दहाव्याले पाव्हने आले, लेकरं आले. एका लेकराले चावलं. गाडीवाल्याइले बलावा लागलं.”

“मला निरोप का नाही पाठवला?” मी विचारलं. हे विचारायचा मला काय हक्क होता?

त्याला माझा प्रश्न खरोखर कळला नाही. “काकू म्हने, ते रोज येते,” तो म्हणाला. “तापात तिले दिसे, तुमी बसलेच आहे दारात. रोज येनाऱ्याले निरोप काय द्याचा, बाबूजी?”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला उभं राहायला काहीतरी मिळालं असतं. मी तिळगुळाची पुडी त्याच्या हातात दिली, त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, आणि मी निघालो.

त्याला आता किती ऋतू उलटले, मी स्वतः काठी टेकत चालतो. पांजरपोळाच्या वहीतल्या नोंदी मला अजून पानोपान आठवतात. कुठल्या बैलाचं कुठलं शिंग मोडलं होतं ते झोपेतून उठवलं तरी सांगेन. ते आठ दिवस मात्र मी आयुष्यभर शोधतो आहे. साळूबाई नव्हत्या, फळ्या थांबल्या होत्या, आणि दीड मैलावर एक जनावर दुसऱ्या माणसाची वाट पाहत होतं, तेव्हा मी काय करत होतो, कुठं बसलो होतो, कुणाशी हसत होतो, हे कितीही आठवलं तरी मला आठवत नाही.