सतरा नंबरच्या गाडीचा दिवा

आमच्या ह्यांना पोलिसांच्या गाड्यांचं वेड होतं. गाड्यांचंही नाही, त्यांच्या टपावरच्या दिव्यांचं. तेही नवे चकचकीत नकोत, जुनेच हवेत. निळ्या काचेच्या टोपाचे, आत मोटर घरघरणारे. असा एखादा दिसला की हा माणूस भर रस्त्यात थांबायचा. मागून येणारे शिव्या घालायचे आणि मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दात-ओठ खात उभी. लग्नानंतर आठ दिवसांत मला फिरायला म्हणून नेलं ते कुठे, तर पोलिसांच्या गॅरेजसमोर! तिथल्या बसस्टॉपच्या बाकावर बसवून दिवा आतून कसा चालतो ते तासभर समजावलं. माझ्या नव्या चपला चावत होत्या. मला एक अक्षर कळलं नाही आणि पुढे चाळीस वर्षांत मी कळून घेतलंही नाही.

त्यांची एक वही होती. गाडीचा नंबर, दिव्याचं वर्णन, तारीख आणि शेवटी बरोबरची खूण. खात्री पटल्याशिवाय ती खूण पडायची नाही. एकदा माझे धाकटे दीर परगावाहून आले आणि फुशारकी मारत म्हणाले, "दादा, तिकडे एका गाडीवर दोन मजली दिवा पाहिला, लिही." ह्यांनी लिहिलं, पण खूण केली नाही. पुढच्या महिन्यात सुट्टी टाकून स्वतः बघून आले. दिवा साधाच निघाला. ओळ खोडली, सख्ख्या भावावर ओरडले आणि दोन महिने त्याच्याशी बोलले नाहीत. "वहीत थाप चालायची नाही," म्हणे. घरातलं मीठ संपलंय हे तीनदा सांगूनही विसरणारा माणूस!

हळूहळू जुने दिवे उतरले, एलईडीच्या पट्ट्या आल्या. शेवटी एकच उरला, सतरा नंबरच्या गाडीवर. दर सोमवारी सकाळी नऊला गॅरेजच्या आवारात सगळ्या गाड्या ओळीने लावून त्यांचे दिवे तपासतात. हे समोरच्या बाकावर हजर. मग फुप्फुसात पाणी झालं आणि तीन जिने उतरणं बंद झालं.

दोन सोमवार घरातच काढले. तिसऱ्या सोमवारी म्हणाले, "अगं, जाऊन येतेस? सतरा नंबर तेवढा बघून ये."

"चाळीस वर्षं सवतीचं कौतुक ऐकलं," मी म्हटलं, "आता तिची तब्येतही मीच विचारून येऊ?"

ते हसले, हसता हसता खोकले. मी चपला घातल्या आणि निघाले.

आवारात सतरा नंबर उभी होती. तिच्या टपावर पट्टी होती, बाकीच्यांसारखीच लागत-विझत. मी फाटकाशी जाऊन तिथल्या इलेक्ट्रिशियनला विचारलं. "शुक्रवारीच काढला, आजी," तो म्हणाला. "पार्टच मिळत नाहीत त्याचे."

परत बसवा म्हणून मी गयावया केली. ज्या दिव्याच्या नावाने मी आयुष्यभर बोटं मोडली, त्याच्यासाठी! येताना प्रत्येक जिन्यावर थांबले. खरं सांगावं तर जीव धजेना, आणि खोटं बोलायला त्या माणसासमोर छाती हवी. तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत ठरलं.

हे उशीला टेकून बसले होते. केससुद्धा विंचरले होते.

"होता?"

"होता तर! जाईल कुठे?"

"चालू?"

"चालू म्हणजे काय, मस्त लुकलुकत होता. लागतोय, विझतोय, लागतोय, विझतोय."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पकडली गेले असं वाटून मी पदराशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "वही आण. तू पाहिलंस, तूच लिही." मी लिहिलं. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि ओळीपुढे खूण केली.

"दमलीस ना? तीन जिने चढून आलीस. बस जरा इथे," म्हणाले.

पुढच्या सोमवारी त्यांनी दिव्याचं नाव काढलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला वाटलं, समाधान झालं असेल. त्या दिवसापासून एकोणिसाव्या दिवशी ते गेले.

महिन्याभराने मी गॅरेजमध्ये गेले. म्हटलं, भंगारात जाण्यापेक्षा दिवा मला द्या, त्यांच्या वहीशेजारी ठेवेन. इलेक्ट्रिशियन भला माणूस. त्याने आतून दिवा आणला, फडक्याने पुसला, बॅटरीला जोडला. घरघर सुरू झाली आणि निळा उजेड भिंतीवरून गोल गोल फिरू लागला.

"हा लुकलुकत कसा नाही?" मी विचारलं.

"छे हो, आजी. हा विझतच नाही. आत बघा, बल्ब सारखा पेटलेला असतो, नुसता आरसा फिरतो त्याच्याभोवती. लागतात-विझतात त्या नव्या पट्ट्या."

त्या बाकावर तासभर हेच सांगत होते ते मला. मी चपलांकडे बघत होते.

म्हणजे माझ्या तोंडून 'विझतोय' निघालं तेव्हाच त्यांना सगळं कळलं होतं. दिवा गेला हे, आणि मी थाप मारतेय हेही. एकोणीस दिवस त्यांनी ते दुःख एकट्याने गिळलं, आणि मी स्वयंपाकघरात स्वतःच्याच हुशारीवर खूश होते. दोघांनी मिळून हळहळलो असतो, तर निदान त्यांना कुणाची सोबत झाली असती. ती मी त्यांना दिली नाही.

घरी येऊन वही उघडली. माझ्या अक्षरात शेवटची ओळ: सतरा नंबर, चालू, लुकलुकतो. पुढे त्यांची वाकडी खूण. सगळ्या वहीत तेवढी एकच खोटी ओळ, आणि ती त्यांनी बरोबर दिली.

"अहो," मी रिकाम्या पलंगाकडे बघून मोठ्याने म्हटलं, "ओरडायचंत ना माझ्यावर. भावावर ओरडलात तसं."