वच्छलाबाईंच्या शाळेतलं भिंग

मी भिंग बोलतोय. पितळी कडं, शिसवी मूठ आणि मधे तळहाताएवढी काच. व्याकरणानं पाहिलं तर मी ‘ते’ आहे. पण शाळेतल्या पोरांनी माझं नाव भिंगोबा ठेवलं, आणि तेव्हापासून मी स्वतःला ‘तो’च म्हणवून घेतो.

माझी काच कुठल्या कारखान्यात घासली गेली, ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते औरंगाबादच्या कचेरीतलं मेज. आजच्या छत्रपती संभाजीनगरात तेव्हा निजामाचा अंमल होता आणि जमिनींची जुनी दफ्तरं माझे मालक काकासाहेब यांच्या ताब्यात असत. वाळवीनं खाल्लेला कागद असो की कुणी हळूच खोडून बदललेला आकडा, काकासाहेब मला त्यावर धरायचे आणि ‘हं’ म्हणायचे. उर्दू ओळींवरून उजवीकडून डावीकडं सरकायची माझी सवय. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, कागद मराठीत येऊ लागले आणि मीही डावीकडून उजवीकडं चालायला शिकलो.

काकासाहेब नोकरीतून मोकळे झाले आणि मी कापसात गुंडाळून डबीत गेलो. तिथून मला बाहेर काढलं ते १९५९च्या जूनमध्ये. त्यांची लेक वच्छला मुख्याध्यापिका झाली होती. नेमणूक हर्सूलच्या पलीकडं, टेकडीमागच्या बोरदऱ्याला. पन्नास घरांची वस्ती. थोडी शेतकऱ्यांची, बाकी मेंढपाळांची.

“वच्छला, मला यानं कागदातली लबाडी दिसायची,” काकासाहेब म्हणाले. “तुला काय दिसतंय बघ.”

हर्सूलपर्यंत टांगा आणि पुढं दीड कोस पायी. पहिल्या दिवशी वच्छलाबाई शाळेत पोचल्या तेव्हा त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि मी त्यांच्या पिशवीत डब्याशेजारी होतो.

शाळा दोन खोल्यांची. बद्रीनाथ गुरुजी एकटेच चार वर्ग सांभाळत. माणूस प्रामाणिक. सत्तावीस वर्षांत एकदाही उशिरा आलेला नव्हता. पण त्यांच्या लेखी चांगली शाळा म्हणजे गप्प शाळा. पोरं पाढे म्हणायची, कविता म्हणायची, आणि एरवी तोंडावर बोट.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी सांगितलं, “उद्यापासून रोज कुणीतरी एक प्रश्न आणायचा. मला ज्याचं उत्तर येणार नाही, असाच हवा.”

तीन दिवस कुणी प्रश्न आणला नाही. पोरांना वाटलं, यात काहीतरी मारायची युक्ती असणार. चौथ्या दिवशी सुगंधा उठली. भिकन मेंढपाळाची दहा वर्षांची पोर, केसांना तेल नाही, पण नजर अशी की समोरचा माणूस आपोआप नीट बसावा.

“बाई, म्हैस रवंथ करताना जबडा एकाच बाजूला फिरवती का दोन्ही?”

“मला माहीत नाही गं,” बाई म्हणाल्या. “चला, बघून येऊ.”

सबंध वर्ग गोठ्यापुढं जाऊन बसला. म्हशीचं पोरांना काही विशेष वाटलं नाही. पण शिक्षकाला एखादी गोष्ट येत नाही आणि ती तो चारचौघांत कबूल करतो, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

दुपारी गुरुजींनी बाईंना बाजूला घेतलं. “बाई, आपण ‘माहीत नाही’ म्हणायला लागलो की आपला वचक संपला.”

“गुरुजी, मला वचक नकोय. त्यांनी विचार करायला हवाय.”

गुरुजींनी मान हलवली. ती होकाराची नव्हती.

मग माझे दिवस आले. बाईंनी मला पोरांच्या हाती सोडलं. कचेरीत मला हात लावायचा तर परवानगी लागे. इथं तर रांग लागायची. मिठाचा खडा, मुंगीचे पाय, स्वतःच्या अंगठ्यावरच्या रेघा, मेंढीची लोकर. कुणी मला चाटूनही पाहिलं. दोनदा पडलो, कड्याला पोचा आला. बाई रागावल्या नाहीत. वस्तू वापरली की तिला लागतंच, एवढंच म्हणाल्या.

फाल्गुन सरला आणि ऊन वाढलं, तशी शाळा रोडावली. सुगंधाही दिसेना. दोन आठवड्यांनी आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. तिच्या आईच्या, भागूबाईच्या घोट्यातून नारू निघाला होता. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. पायाला फोड येतो, फुटतो आणि त्यातून दोऱ्यासारखा हातभर लांब किडा निघायला लागतो. ओढला की तुटतो, तुटला की पाय सुजून चुलीएवढा होतो. रोज बोटभर काडीला गुंडाळत बसायचं. घरातलं मोठं माणूस महिना-दोन महिने खाटेवर, आणि मग पोरं शाळा सोडून घरकामाला.

त्या दिवशीचा प्रश्न सुगंधानंच विचारला.

“बाई, नारू कशानं व्हतो? समदे म्हणत्यात पाप निघतं पायातून. पर मग पाटलाच्या वाड्यात कुणालाच कसा नाय? आमचंच पाप लई हाय का?”

मी बाईंच्या मेजावर होतो. पोरं मान खाली घालून बसली होती. पाटलाचं नाव असं कुणी शाळेत घेत नसे.

“मला पुरतं माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “पण तू अर्धा प्रश्न बरोबर पकडलायस. कुणाला होतो आणि कुणाला होत नाही, हे आधी मोजू या. प्रत्येक घरी जा. पाणी कुठलं पितात आणि नारू कुणाला झाला, दोनच गोष्टी विचारा.”

पोरांनी आठ दिवसांत पन्नास घरं पालथी घातली. पाटीवर रेघा ओढल्या. नऊ घरं, त्यांत पाटलाचा वाडाही, वाड्याच्या आडाचं पाणी पीत होती. तिथं पोहऱ्यानं पाणी वर ओढतात, कुणी आत उतरत नाही. त्या नऊ घरांत एकालाही नारू नव्हता. एक्केचाळीस घरं बारवेचं पाणी पीत होती, पायऱ्या उतरून, घोटाभर पाण्यात उभं राहून घागर भरणारी. त्यांतल्या एकोणीस घरांत नारू होता.

शनिवारी बाई शहरात सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरांना भेटून आल्या. सोमवारी त्यांनी पोरांपुढं काचेच्या पेल्यात बारवेचं पाणी ठेवलं, पेला उन्हात धरला आणि मला सुगंधाच्या हाती दिलं.

“अगं बया,” सुगंधा ओरडली, “उड्या मारतंय काहीतरी!”

माझ्यातून तिला दिसलं ते असं: राईपेक्षा बारीक, पांढुरके जीव पाण्यात झटके देत पळत होते. बाईंनी मग सांगितलं. नारूचा पाय पाण्यात गेला की किडा तिथंच आपली पिल्लं सोडतो. हे बारीक जीव त्या पिल्लांना खातात, आणि माणूस या जीवांना पाण्याबरोबर पितो. दुहेरी कापडातून गाळलं की ते वरच अडकतात. “आज गाळलं तर गुण यायला वर्ष लागेल,” हेही त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं. “पोटात गेलेला नारू वर्षानं बाहेर येतो.”

संध्याकाळपर्यंत वस्तीत बोभाटा झाला. बारव पाटलांच्या पूर्वजांनी बांधलेली. चैत्रात तिची पूजा व्हायची. तात्यासाहेब पाटील शाळेच्या दारात आले.

“मास्तरीणबाई, आमच्या बारवेला किडकी म्हणायला पोरांना शिकवताय?”

“मी शिकवलं नाही, तात्यासाहेब. त्यांनी मोजलं.”

“मोजायचं काम तलाठ्याचं. शाळेत शाळेचंच चालू द्या. न्हायतर मी वर अर्ज करतो.”

तो नुसता धाक नव्हता. दुसऱ्या दिवसापासून एकसष्टातली अकरा पोरं उरली. भिकन सुगंधाला न्यायला आला. रागानं नाही, हात जोडून आला.

“बाई, तुमचं खरं असंल. पर आमची मेंढरं खतासाठी पाटलाच्या शेतात बसत्यात, त्येच्या बदल्यात आमाला ज्वारी मिळती. त्येनी वावरात येऊ दिलं नाय तर लेकरं काय खातील?”

 बाईंनी सुगंधाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला जाऊ दिलं. ती गेल्यावर मला हातात घेऊन, आपलंच चुकलं नाही ना म्हणून, पाटीवरच्या रेघा पहिल्यापासून पुन्हा मोजत बसल्या.  त्यांना शूर म्हणणाऱ्यांनी ती मोजणी पाहिली नाही, मी पाहिली.

पण सकाळी त्या आल्या, अकरा पोरांना घेऊन बारवेच्या काठी गेल्या, आणि स्वतःच्या लुगड्याचा पदर दुमडून घागरीच्या तोंडावर बांधला. ज्यांचे पाय फुटले होते त्यांच्या घरी पोरांनी गाळलेलं पाणी पोचवायचं, म्हणजे त्यांनी बारवेत उतरायलाच नको. असा तीन आठवडे नेम चालला. पाणी नको असं मात्र कुणीच म्हणालं नाही.

मग तपासनीस साहेब आले. पाटलांचा अर्ज त्यांच्या हातात, पाटील शेजारच्या खुर्चीवर, दारात सगळी वस्ती.

“अर्जावर दुय्यम शिक्षकाची सही व्हायचीय असं दिसतं,” साहेब म्हणाले. “गुरुजी?”

बद्रीनाथ गुरुजी उठले. टोपी काढली, पुन्हा घातली.

“साहेब, सत्तावीस वर्षं मी पोरांना गप्प बसवलं. माझ्या हाताखालून गेलेल्या किती पोरांच्या पायात नारू निघाला, मी डोळ्यांनी पाहिलं. एकानंही मला ‘का’ विचारलं नाही, कारण मी विचारू दिलं नाही. मी सही करणार नाही.”

दाराशी गलका झाला. त्या गर्दीतून सुगंधा आत आली. मागं भिकन ‘अगं ए’ म्हणत राहिला.

“तुला हे कुणी पढवलं?” साहेबांनी विचारलं.

“कुणी नाय. घरं मी मोजली. पाण्यात मी बघितलं.” तिनं मला मेजावरून उचललं आणि सरळ तात्यासाहेबांपुढं धरलं. “तुमी बी बघा की पाटील. बारव वाईट हाय असं आमी म्हणतच नाय. ती आमची बी हाय. म्हनून तर नीट करा म्हणतोय.”

 पाटलांनी चष्मा सारखा केला. बाईंनी बारवेच्या पाण्याचा पेला उन्हात ठेवला, त्यावर त्यांनी मला धरलं आणि बराच वेळ पाहिलं. त्यांचा एवढा मोठा डोळा मी इतक्या जवळून बघत होतो. त्यातला राग हळूहळू ओसरला आणि मग तिथं भीती दिसली.

“आमच्या आडाचं पाणी आणा,” ते म्हणाले.

आणलं. पाहिलं. त्यात काही हलत नव्हतं.

“भागूबाईचा पाय कसा हाय?” त्यांनी भिकनला विचारलं.

“अजून खाटेवरच हाय, मालक.”

पाटलांनी साहेबांच्या हातून अर्ज घेतला आणि चार घड्या करून खिशात ठेवला. “पायऱ्या बुजवू देणार नाय,” ते म्हणाले. “पर खालच्या पाण्याभोवती कठडा बांधू, वर रहाट बसवू. तवर समदे गाळून प्या.” आणि बाईंकडं न बघता म्हणाले, “पोरं उद्यापासून शाळेत येतील.”

पुढच्या उन्हाळ्यात तरीही सात जणांना नारू निघाला. काही लोक हसले. बाईंनी वर्षाचा हिशोब आधीच सांगून ठेवला होता, म्हणून बाकीच्यांनी गाळणं सोडलं नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एकालाच निघाला. १९६३ साली कुणालाच नाही. त्या वैशाखात भागूबाई शेतातला काडीकचरा वेचत होती आणि शाळेचा पट चौसष्ट होता.

वच्छलाबाईंची बदली पुढं गारखेड्याकडं झाली. जाताना त्यांनी मला शाळेलाच ठेवलं. सुगंधा चौथीनंतर हर्सूलला पायी जाऊन सातवीपर्यंत शिकली, त्यापुढं शाळा नव्हती. लग्न होऊन अजिंठ्याकडं गेली. तिथं तिनं बायकांना गोळा करून पाण्याच्या टाकीसाठी तालुक्याला तीन चकरा मारल्या, असं भिकन सांगायचा. सांगताना त्याला हसू आवरायचं नाही.

मी मात्र म्हातारा झालो तसा मोठा झालो. कुणीतरी मला काचेच्या कपाटात ठेवलं, खाली चिठ्ठी लावली: ‘ऐतिहासिक वस्तू. हात लावू नये.’ वीस-बावीस वर्षं मी तिथं होतो. एकदा पांढऱ्या केसांच्या वच्छलाबाई शाळेच्या कार्यक्रमाला आल्या. भाषण करायला उठल्या आणि कपाटाकडं नजर जाताच थांबल्या.

“किल्ली कुणाकडं आहे?”

“बाई, फुटेल ते,” मुख्याध्यापक म्हणाले.

“फुटलं तर गुलमंडीच्या बाजारात नवं मिळतं.” त्यांनी मला काढलं, पदरानं पुसलं आणि पहिल्या रांगेतल्या पोरीच्या हातात दिलं. भाषण त्यांनी केलंच नाही. पोरीच्या शेजारी सतरंजीवर बसून राहिल्या.

त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. माझ्या काचेचा एक टवका उडालाय, मूठ सुतळीनं बांधलीय, आणि मी रोज कुणाच्या ना कुणाच्या खिशात असतो. तुमच्याकडंही माझा एखादा भाऊबंद कपाटात जपून ठेवलेला असेल. त्याला बाहेर काढा. त्याच्यावर ओरखडे पडतील, पडू द्या. आणि एखादी पोर उठून असं काही विचारील की समोर बसलेल्या मोठ्या माणसांना घाम फुटेल. तेव्हा तिला खाली बस म्हणू नका.