सत्याऐंशी नावं आणि एक गाणं

काकासाहेबांच्या दुकानात एका नवरदेवाचा सफारी आठवडाभर एका बाहीचा लटकत होता.

पारनेर-राळेगण गाडीच्या कंडक्टरला रुमालाचं गाणं फक्त पहिल्या कडव्यापर्यंत माहीत होतं.

कोपरगावकरांनी एका पोस्टकार्डावर एकोणसाठ नावं बसवली.

लसीच्या बाटलीवर जेवढी चिठ्ठी असते, तेवढ्या जागेत सम्राट कंपाउंडर गायीचा मालक, गाव, तारीख आणि गायीचा स्वभाव लिहू शकत असे.

अंगणवाडीत पटावर एकतीस मुलं होती.

रतनबाईंनी स्वतःचं गाणं कधी ऐकलं नव्हतं.

*

या सगळ्यांचा संबंध एका यादीशी आहे.

रेडिओवर दर रविवारी दुपारी साडेबारा ते एक फर्माईशीचा कार्यक्रम लागायचा. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्यात निवेदिकेनं जाहीर केलं की श्रोता संघांनी दशकातली सर्वोत्तम दहा गाणी क्रमवार लिहून पाठवावीत. एका संघाची यादी निवडली जाईल. २६ डिसेंबरला ती वाचून दाखवतील, संघाच्या श्रोत्यांची नावं घेतील आणि शेवटी क्रमांक एकचं गाणं पूर्ण ऐकवतील.

पारनेरच्या संघाचं नाव सप्तसूर श्रोता संघ. सूर सात होते, माणसं चार. अध्यक्ष काकासाहेब, एसटी स्टँडमागे त्यांचं शिवणकामाचं दुकान. संघाचा रेडिओ तिथंच, कात्रीच्या वरच्या फळीवर. सचिव गहिनीनाथ, राळेगणच्या गाडीवर कंडक्टर. जयमालाबाई अंगणवाडीच्या. आणि सम्राट, जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत. काकासाहेबांकडे सम्राटचा कप वेगळा नव्हता. हे काकासाहेब स्वतःच वरचेवर सांगत.

दहा ते चार

पहिल्या बैठकीत दशक नव्वदला सुरू होतं की एक्क्याण्णवला, यावर दोन चहा झाले. गहिनीनाथ म्हणाला की तिकिटाचा गठ्ठा शून्यापासून सुरू होतो, तेव्हा नव्वद. जयमालाबाई म्हणाल्या की मूल जन्मल्याबरोबर आपण त्याला एक वर्षाचं म्हणत नाही. दोघांचं उत्तर एकच निघालं, तरी वाद मिटला नाही.

मग गाणी. गाण्यांची खरी नावं संघात कोणी घेत नसे. रुमालाचं, आगगाडीतलं, दोन बहिणींचं, गच्चीवरचं, ज्यात शेवटी कुत्रं भुंकतं ते. काकासाहेबांची कसोटी धंद्याची होती. एका गाण्यात तीन काजं झाली तर गाणं चांगलं. दोनच झाली तर फार चांगलं, कारण हात थांबला. गहिनीनाथचा कौल गाडीतला. त्यानं गाणं गुणगुणलं आणि उतारूंनी सुट्टे न मागता दिले, तर गाणं वरच्या पाचात. जयमालाबाई गाण्याच्या बाबतीत कडक होत्या, पण का, ते सांगत नसत.

तिसऱ्या बैठकीपर्यंत क्रमांक तीनवर दोन गाणी बसली होती आणि क्रमांक सातवर बसायला कोणी तयार नव्हतं. आगगाडीतलं सातवर गेलं तर राजीनामा देईन असं काकासाहेब म्हणाले. राजीनामा द्यायचा कोणाकडे, हे ठरेपर्यंत गहिनीनाथच्या गाडीची वेळ झाली. सफारीची दुसरी बाही टेबलावर तशीच पडून होती. नवरदेव दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा त्यानंही आपलं मत दिलं. ते ऐकून घेतलं नाही, कारण तो सभासद नव्हता.

एक

सम्राटला बाकीच्या नऊ जागांशी देणंघेणं नव्हतं.

१९९३ साली त्याची आई रतनबाई रोजगार हमीवर पाझर तलावाच्या कामाला होती. टोपली उचलताना बाया गाणी म्हणत. तेव्हा नगरहून रेडिओवाले शेतीच्या कार्यक्रमासाठी आले, आणि पुढच्या आठवड्यात रतनबाईंना नगरला बोलावून एक गाणं ध्वनिमुद्रित करून घेतलं. ते कधी लागणार याचं पत्र आलं, पण लागून गेल्यावर तीन दिवसांनी. गावात ज्यांनी ऐकलं ते म्हणाले, रतन, तुझा आवाज लागला होता. कसा होता, ते नीट कोणाला सांगता आलं नाही. एक जण म्हणाला, मोठा होता.

सहा वर्षं सम्राट त्या टेपच्या मागे होता. केंद्रावर दोनदा जाऊन आला. कार्यक्रमात मागणी असल्याशिवाय टेप कपाटातून निघत नाही, असं त्याला तिथं सांगितलं गेलं, आणि एरवीच्या फर्माईशीत सिनेमाचीच गाणी चालत. आता रतनबाईंचा डावा कान गेला होता आणि उजव्यानं पावसाळ्यापासून कुरकुर सुरू केली होती. दशकातलं सर्वोत्तम गाणं म्हणून ते लागलं तरच लागणार होतं, आणि लवकर लागायला हवं होतं.

त्यानं बैठकीत सांगितलं, क्रमांक एकवर आईचं गाणं घ्या.

काकासाहेबांनी मशीन चालूच ठेवलं.

"डॉक्टर, ते शेतीच्या कार्यक्रमात लागलं हुतं," गहिनीनाथ म्हणाला. "बाजरीच्या बियान्यानंतर. त्याला गानं म्हनायचं का?"

"मग काय म्हणायचं? हवामान?"

जयमालाबाईंनी विचारलं, त्यात वाद्यं आहेत का. नव्हती. फावड्यांचा आवाज होता का, तर तोही नव्हता, कारण फावडी नगरला नेली नव्हती. काकासाहेबांनी मशीन थांबवलं आणि मुद्द्याचं बोलले.

"त्याची फर्माईश कोणी केली नव्हती, सम्राट. ज्याच्याआधी कोणाचं नावच घेतलं नाही, ते गाणं ऐकणार कोण?"

सम्राटनं फळीवरची संघाची वही काढली. दहा वर्षं रेडिओवर ज्या ज्या गाण्याआधी संघातल्या कोणाचं नाव वाचलं गेलं, ते गाणं काकासाहेबांनी तारखेसह त्यात लिहून ठेवलं होतं. सम्राट वाचत गेला. आगगाडीतलं: काकासाहेब, चार वेळा. रुमालाचं: गहिनीनाथ, सहा वेळा. दोन बहिणींचं: जयमालाबाई, पाच वेळा, त्यात एकदा माहेरच्या आडनावासह. दशकातली सर्वोत्तम दहा गाणी दहा वर्षं त्या वहीतच होती.

मग त्यानं गहिनीनाथला रुमालाच्या गाण्याचं दुसरं कडवं विचारलं. गहिनीनाथला ते येत नव्हतं. नाव ऐकलं की तो दरवेळी रस्त्यावर धावत जाऊन लोकांना विचारायचा, ऐकलं का. तेवढ्यात गाणं संपायचं. काकासाहेबांना आगगाडीतलं गाणं पुरुषाचं की बाईचं, हे नक्की सांगता येईना. ते म्हणाले, दोघांचं असेल.

कोणी शरमलं नाही. उलट सगळ्यांना हायसं वाटलं, आणि बोलणी सुरू झाली.

तीन, दोन

सौदा असा ठरला. क्रमांक एक डॉक्टरांचा. त्या बदल्यात कार्डावर प्रत्येकानं सांगितलेली नावं घ्यायची, सगळी. कोपरगावच्या संघाचं एकोणसाठ नावांचं कार्ड गाजलेलं होतं. तिकडं पाणी, तिकडं ऊस, तिकडं दोन शिफ्टमध्ये चालणारा कारखाना. त्यातलं एक नाव बैलाचं होतं असं गहिनीनाथ शपथेवर सांगे. पारनेरनं पावसाच्या बाबतीत हार मानली होती. नावांच्या बाबतीत मानायचं कारण नव्हतं.

काकासाहेबांनी त्या लग्नसराईतली गिऱ्हाइकं दिली, बाही राहिलेल्या नवरदेवासकट. त्याची तक्रार कायमची मिटली. गहिनीनाथनं डेपोतले ड्रायव्हर, कंडक्टर, हमाल आणि एक वाहतूक निरीक्षक दिला. जयमालाबाईंनी अंगणवाडीची हजेरी उतरवून आणली, एकतीसच्या एकतीस. पटावरच्या पाच मुलांना गाव सोडून वर्ष झालं होतं, पण रेडिओ सगळीकडे लागतो, असं त्यांचं म्हणणं.

यादी लिहायला सम्राट बसला, कारण दुसऱ्या कोणाला ते जमलं नसतं. दवाखान्यातला सुईसारखा पेन घेऊन त्यानं एका पोस्टकार्डावर दहा गाणी आणि शहाऐंशी नावं बसवली. खाली एक ओळ उरली. ती त्यानं आईच्या नावासाठी ठेवली होती. कार्ड पेटीत टाकायला निघाले तेव्हा गहिनीनाथ धापा टाकत आला. पुतण्याला मुलगा झाला होता, सकाळी सहाला. बारसं व्हायचं होतं.

"बाळ म्हनून लिवा, डॉक्टर. आयुष्यभर सांगंल, बारशाआधी माझं नाव रेडिओवर आलं."

सम्राटनं त्या ओळीत बाळ लिहिलं. आईचं गाणंच लागणार होतं, नावाचं काय.

एक, पुन्हा

सप्तसूरची यादी निवडली गेली. गाण्यांमुळे नव्हे. एका पोस्टकार्डावर सत्याऐंशी नावं आजवर कोणी पाठवली नव्हती. केंद्रात ते कार्ड या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं म्हणे, आणि कोणी तरी भिंगही आणलं.

२६ डिसेंबरला साडेबारापासून दुकानासमोरचा रस्ता बंद झाला. गिऱ्हाइकं होती, हमाल होते, अंगणवाडी होती. वाहतूक निरीक्षक उभे होते आणि त्यांच्यासमोर राळेगणची गाडीही उभी होती, उतारूंसकट. काकासाहेबांनी रतनबाईंना आत, कापडाच्या गठ्ठ्यावर, उजवा कान रेडिओकडे करून बसवलं. सम्राट त्यांच्या शेजारी उभा राहिला. रतनबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं.

दहापासून दोनपर्यंतची गाणी निवेदिकेनं नुसती सांगितली नाहीत. प्रत्येकाचा तुकडा ऐकवला. पाऊण वाजून गेला. दुकानातल्या घड्याळात बारा पन्नास झाले तेव्हा ती म्हणाली, आता या संघाच्या रसिक श्रोत्यांची नावं.

तिनं ती सावकाश वाचली. एकही चुकवलं नाही. प्रत्येक नावाला रस्त्यावरून टाळी पडत होती, आणि ज्याचं नाव तो हात वर करत होता, जणू निवेदिकेला तो दिसणार होता. तिसाव्या नावाला बारा त्रेपन्न. साठाव्याला, म्हणजे कोपरगाव मागे पडलं तेव्हा, काकासाहेबांनी गुलाल उधळला. तो सफारीवर सांडला. सम्राट घड्याळाकडे बघत होता. सत्तराव्या नावानंतर त्यानं स्वतःशीच, पण ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, "पुरे की आता."

वाहतूक निरीक्षक त्याच्याकडे वळून म्हणाले, थांबा, माझं यायचंय.

बाळ सर्वांत शेवटी आलं. रस्त्यावर एवढा आरडाओरडा झाला की बाळ खरोखर रडायला लागलं. मग निवेदिका म्हणाली, "आणि क्रमांक एक. पाझर तलावावरचं लोकगीत. गायिका..." इथं ती थांबली, कागद उलटल्याचा आवाज आला. "पारनेर तालुक्यातील श्रमिक महिला."

घड्याळात एकाला पंधरा सेकंद कमी होते.

*टोपल्याला टोपलं लागलं गं बाई, हाताला लागला हात...*

आवाज उंच होता आणि जरा घाईतला. दुसरी ओळ सुरू झाली, तिचे दोन शब्द आले, आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि बातम्यांच्या आधीचे ठोके पडले. सगळं मिळून अकरा सेकंद.

बाहेर कोणाला ते कळलं नाही. गहिनीनाथ रस्त्यावर धावत होता, ऐकलं का, ऐकलं का. जयमालाबाई मुलांना रांगेत उभं करून खाऊ वाटत होत्या. काकासाहेब वही काढून तारीख लिहायला लागले. गाण्याच्या रकान्यात काय लिहायचं ते त्यांनी सम्राटला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.

सम्राट आईसमोर खाली बसला. तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "आई, पत्र लिहितो त्यांना. पुढचं राहिलं."

"ऱ्हाऊ दे," रतनबाई म्हणाल्या. "पुढचं मला येतंय."

मग त्यांनी विचारलं, ती मगाशी नावं सांगत होती, त्यात तुझं होतं का. होतं, सदतिसावं. त्यांनी मान हलवली आणि उठण्यासाठी त्याच्या खांद्याचा आधार घेतला.

१९९३ च्या मार्चमध्ये ध्वनिमुद्रण झाल्यावर, ऐकायचंय का, असं रतनबाईंना विचारलं होतं. त्या नको म्हणाल्या होत्या, कारण पारनेरची गाडी सव्वाचारला होती.