नाव नसलेली भिंत

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकांचे पडदे रंगवावेत तर सडक अर्जुनीच्या देवीदासनेच. त्यानं रंगवलेला राजवाडा पाहून लोक टाळ्या वाजवत. प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं ठसठशीत नाव असे.

पण त्याची लेक खुशबू काही शाळेत टिकेना. दिसेल ते अक्षर, दिसेल ते चित्र पोरगी मोठ्यानं म्हणत सुटायची. आणि हायवेवर ट्रकचा हॉर्न वाजला की कान दाबून सैरावैरा धावायची. एकदा तर पार सडकेवर गेली.

"पुन्हा असं झालं तर घरीच ठेवा तिला," घनश्याम गुरुजींनी सांगून टाकलं.

तेव्हा अल्का मॅडम पुढे आल्या. अशा लेकरांना शिकवायला तालुकाभर फिरणारी ही बाई. शाळेमागची सामानाची खोली तिनं मागून घेतली. आधी स्वतःच तिथं जमिनीवर, पोराच्या उंचीला बसून राहिली. आवाज कुठून येतो, ऊन कुठून डोळ्यांत शिरतं, ते पाहत. मग तीन भिंतींना तणसाचा सुका पेंढा भरलेली पोती लावली, खिडकीला जाड कापड. गोधडीच्या कप्प्याकप्प्यांत धान शिवून ती जड केली. अंगावर वजन आलं की खुशबू निवते, हे तिनं हेरलं होतं.

"समोरच्या भिंतीला रंग तेवढा तुम्ही द्या, देवीदासभाऊ."

देवीदासनं जीव ओतला. भिंतीवर अख्खं जंगल उभं केलं. वाघ, मोर, लालभडक पळस.

खुशबू दारातच थबकली. "वाघ. मोर. मोर. मोर," म्हणत बोटं नाचवू लागली, आणि डोळे घट्ट मिटून पळाली. मॅडमनं तिला फाटकाशी गाठलं.

"काऊन मॅडम? एवढं झकास रंगवलो ना मी!"

"झकास आहे म्हणूनच, भाऊ. सगळे एकदम बोलून राहिले तिच्याशी. तिला गप्प भिंत पाहिजे."

देवीदासला ते लागलं. पण बाई बोलत होती ती पोरीला पोटाशी धरून, मनगटावर उमटलेले तिचे दात पदराखाली झाकून. त्यानं रंगाचा डबा उघडला. मोरावर पहिला फराटा मारताना हात अडला, मग चालला. वाळल्या मातीसारखा एकच फिका रंग.

रंगाचा वास उडाल्यावर खुशबूला आणलं. तिनं गोधडी अंगावर ओढली. बाहेर ट्रकनं लांबलचक हॉर्न दिला. पोत्यांमधून तो दूरच्या गावातून आल्यासारखा वाटला. पोरगी गोधडीतलं धान चाचपत राहिली. मान वर केली नाही.

दारातून पाहणारे घनश्याम गुरुजी हळूच म्हणाले, "उद्या वेळेवर आणा तिला." मग भिंतीचा कोपरा दाखवत, "अन् नाव नाही टाकलं, पेंटर?"

"टाकलो त पोरगी तेच वाचत बसंल, गुरुजी," देवीदास कुजबुजला.