वेळेआधी फाटलेला बुधवार

मी बोलतोय, सदाशिव पेठेतल्या एका स्वयंपाकघराच्या भिंतीवरून. तारखांचा गठ्ठा आहे मी. रोज सकाळी माझं एक पान फाडतात आणि खालून नवा दिवस वर येतो. प्रत्येक पानावर तारखेखाली एक इंग्रजी म्हण. सगळ्या म्हणींचा विषय एकच, सरत जाणारं आयुष्य.

गोपाळकृष्ण सरांनी मला अप्पा बळवंत चौकातून हौसेनं आणलं. चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस! सकाळी चहाआधी पान फाडायचं, "नंदा, ऐक," म्हणून नवी म्हण वाचायची, मराठीत अर्थ सांगायचा आणि फाडलेलं पान पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायचं.

"सकाळी सकाळी कसली मेली जाण्याची भाषा!" नंदाकाकू म्हणायच्या.

"छापणाऱ्याला सांग. मी फक्त शिकवतो," सर म्हणायचे.

पण काकू ऐकायच्या. त्यांचे उपासतापास माझ्यावरच चालायचे. फोनवर त्या फक्त लेकीचं तोंड बघत आणि पेपर सरांच्या हातून सुटत नसे.

यंदा मार्गशीर्षातले गुरुवार त्यांनी सरांसाठी धरले होते. सत्तरी उलटली, यांची तब्येत धड राहू दे, एवढंच मागणं. शेवटच्या गुरुवारी उद्यापन, पाच सवाष्णींना हळदीकुंकू.

त्या दिवशी सरांनी मंगळवार फाडला, बुधवारची म्हण वाचली आणि अर्थ सांगितला. अंघोळ करून आले नि माझ्या अंगाला पुन्हा हिसका बसला. मी हादरलोच. वर्षभरात असं कधी झालं नव्हतं.

"नंदा, ऐक."

"आज दोनदा शिकवणी?" काकू कुकर उतरवत हसल्या.

"दोनदा कुठे? आत्ताच तर आलो."

चेष्टा वाटली त्यांना. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अगंबाई, गुरुवार आलासुद्धा! मला आपलं उद्या वाटत होतं. दिवस कसे पळतात, नाही?"

मला ओरडावंसं वाटलं. पण माझ्याकडे छापलेलं तेवढंच बोलणं.

काकूंनी दिवसभर उपास केला. कलश मांडला, देवीला मुखवटा लावला, वेणी माळली. पुरण वाटलं. पाच वेण्या, पाच केळी ताटात मांडून दारात रांगोळी घातली. पाच वाजले, सहा वाजले. एकीचाही पत्ता नाही. "माझंच काही चुकलं का हो देवी?" त्या पुटपुटत राहिल्या.

सातला समोरची पूर्वा ऑफिसमधून आली. रांगोळी बघून दारातच थबकली. "काकू, हळदीकुंकू आज? मी तर उद्या हाफ डे टाकलाय!"

"उद्या कशाला? गुरुवार ना आज?"

"अहो काकू, बुधवार आहे आज."

काकूंचं कुंकवाचं बोट तसंच राहिलं. त्या सरळ आत आल्या आणि पत्र्याचा डबा उघडला. वरच बुधवार होता, दिवस मावळायच्या आत फाडलेला.

"अहो, सकाळी दोन पानं फाडलीत का?"

सर खुर्चीतून उठले. "दोन? अगं, आज अजून फाडलंच नाही की मी!" आणि त्यांनी माझ्याकडे हात नेला.

तिसऱ्यांदा.

काकूंनी ते मनगट हवेतच धरलं. सर गोंधळून हसले. पूर्वानं तोंडावर हात ठेवला. देवीपुढचं निरांजन तेवढं शांतपणे तेवत होतं.

"उद्या फाडू," काकू कशाबशा म्हणाल्या. "दोघं मिळून."

नंतर त्यांनी बुधवारला सेफ्टीपिन लावून तो माझ्यावर परत बसवला. मग देवीसमोर बसल्या, डोळे पुसले. "एक दिवस आधी आलीस म्हणून मला कळलं तरी गं बाई. आता राहा उद्यापर्यंत." दुसऱ्या दिवशी पाचही जणी आल्या. उद्यापन झालं.

आता माझ्या अंगावर नऊ पानं उरलीत. कोपऱ्यात पिनेची दोन भोकं आहेत. शनिवारच्या पानावर कुंकवाचं बोट आहे, डॉक्टरांकडे जायचंय. रोज सकाळी दोन हात मला एकदाच फाडतात. सर म्हण वाचतात. कधी अर्थ सांगता सांगता मध्येच अडतात, तेव्हा पुढचा अर्थ काकू सांगतात. वर्षभर कुकरच्या शिट्ट्यांमधून त्यांनी सगळं ऐकलं होतं तर!

मी चाललो. माझ्या खिळ्यावर जो नवा गठ्ठा येईल, त्याला एवढंच सांगा. या घरात एकच म्हण सकाळी दोनदा वाचली गेली तर दचकू नकोस. काकू दोन्ही वेळा ऐकतात, आणि दुसऱ्यांदाही "पुढे सांगा ना," म्हणतात.