रुअरीच्या कागदाखालचा कागद

मी एक जुना सूचनाफलक आहे. अखनारा गावच्या दुकानाबाहेर, बटाट्यांच्या पोत्यांच्या वर मला ठोकलेलं आहे. मित्रांनो, माझ्याकडे दुर्लक्ष करायचं असेल तर खुशाल करा, मला सवय आहे. या गावात बातमी आधी दुकानात पोचते आणि मग कागदावर उतरते. मला वाचायला थांबणार कोण?

माझा जन्म एका फुटक्या होडीतून झाला. होडी रुअरी नावाच्या कोळ्याची. तिच्या फळ्या त्यानं स्वतःच कापल्या, रंधा मारला, पावसासाठी वर छोटंसं छप्परही बसवलं. फक्त माझी उजवी बाजू बोटभर खाली आली. त्याची बायको डोलिना गावच्या शाळेत शिकवायची. ती म्हणाली, फलक वाकडा झालाय. तो म्हणाला, गाव तरी कुठे सरळ आहे? तेव्हापासून मी वाकडाच आहे, आणि खरं सांगू, मला ते आवडतं.

हरवलेल्या मेंढ्या, नाचगाण्याचे कार्यक्रम, ग्रामसमितीच्या सभा, सगळं मी अंगावर मिरवलं. उन्हाळ्यात पाहुणे यायचे आणि माझे फोटो काढायचे. मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि माझी चौकशी थांबली. टाचण्या गंजल्या. एका हिवाळ्यात माझी काच फुटली, ती आजतागायत कुणी बसवलेली नाही.

एक मान मात्र माझ्याकडेच राहिला. आमच्याकडे कुणी गेलं की अंत्यविधीचा कागद माझ्या मधोमध, मोठ्या खिळ्यावर लागतो. तो त्या घरच्या माणसानंच काढायचा. बाकी कुणी त्याला बोट लावत नाही, वाऱ्यानं कोपरा उलटला तरी नाही.

या मार्चमध्ये ग्रामसमितीचा चिटणीस हेक्टर त्याच खिळ्यावर नियोजन कार्यालयाचा कागद लावून गेला. किनाऱ्यावरच्या माळावर सुट्टीची आठ घरं बांधायची होती. हरकत असेल तर तीन आठवड्यांत कळवा, असं खाली लिहिलं होतं. नकाशात एक कुंपण होतं, आणि ते दुकानापासून किनाऱ्यावरच्या दफनभूमीला जाणाऱ्या पायवाटेवरून आडवं गेलं होतं. गावातली प्रत्येक शवपेटी त्याच वाटेनं खांद्यावरून जाते. हेक्टरनं नकाशा नीट पाहिला नाही. सभेत वाचू, असं त्याच्या मनात होतं.

दोन दिवसांनी रुअरी गेला.

हेक्टर ओल्या डोळ्यांनी आला आणि त्यानं रुअरीचा कागद त्याच खिळ्यावर, वरून लावला. दुखवटा म्हणून सभाही पुढे ढकलली. टोप्या काढून गाव माझ्यासमोरून गेलं, आठ जणांनी रुअरीला उचललं होतं. ज्याला त्या वाटेनं नेत होते, त्याच्याच नावाखाली ती वाट बंद व्हायची सूचना दडली होती. मित्रांनो, तेव्हा मला तोंड हवं होतं हो! मी नुसता लटकत राहिलो.

डोलिना रोज त्या वाटेनं खाली जायची, रुअरीशी चार शब्द बोलून यायची. मुदत संपायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, ती कागद घरी न्यायला आली, कारण पावसानं शाई पसरत चालली होती. तिनं तो काढला, घडी घालून कोटात ठेवला आणि खालचा नकाशा पाहून चष्मा लावला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग ती दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिली. हेक्टर आत पाव घेत होता.

"हेक्टर, आमची वाट कुंपणात कशी गेली?"

हेक्टर बाहेर आला, नकाशा पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला. "बाई, चूक माझीच. पण रुअरींचं नाव उचलून खाली बघायला हात धजेना."

"तिसरीतसुद्धा तुला पान उलटायचा कंटाळा होता," ती म्हणाली. मग तिनं नकाशातल्या कुंपणावर बोट ठेवलं. "त्याला खांद्यावरून नेलंत. मला काय मोटारीतून वळसा घालून नेणार?"

हेक्टर पाव तिथेच विसरून गेला. संध्याकाळी सभागृह उघडलं, कुणी सूप आणलं, कुणी पेनं आणली. घरं नकोत असं कुणी लिहिलं नाही, कारण गावाला रोजगार हवाच होता. घरं बांधा, पण आमची वाट सोडा, एवढंच. शुक्रवारी दुपारी हेक्टर स्वतः एक्केचाळीस पत्रं पोचवून आला. जूनमध्ये निकाल लागला. कुंपण मागे सरकलं, आणि खांदा देणारे दोन्ही बाजूंनी चालू शकतील एवढी रुंद वाट राहिली.

हल्ली डोलिना खाली जाण्याआधी मला वाचते, हरवलेल्या मांजरापर्यंत सगळं. तिच्यामागे दोघंचौघं रेंगाळतात. मित्रांनो, तुमच्या गावातही कुठल्यातरी भिंतीवर माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्यापाशी घडीभर थांबा. वरच्या कागदाला मान द्या, पण खालचाही बघा.

परवा हेक्टर नवी काच घेऊन आला, सोबत हातोडीही होती. बाई, लगे हात सरळ पण करतो याला, म्हणाला. डोलिनानं हातोडी त्याच्या हातातून काढून घेतली.

"काच बसव. पण हा असाच राहू दे. माझ्या माणसानं केलाय तो."

तर मी अजून वाकडाच आहे. या, वाचा मला.