सत्तावीस नंबरचं कपाट

बाई कोर्टात पहिल्याच बाकावर बसल्या, साक्षीला आलेल्या कचेरीच्या साहेबांनी मान वर केली की आपणच दिसू अशा बेताने.

एकोणतीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत रेकॉर्ड सांभाळलं होतं. डांबरगोळ्यांचा तो वास अजून त्यांच्या नाकात होता. आता त्यांना तिथला एकच कागद हवा होता, नवऱ्याने लिहिलेलं पत्र. तो टाकीवरचा पंपचालक. भिंतीला तडा गेलाय, खाली माणसं कामाला लावू नका, असं त्याने लेखी कळवलं होतं. तीन महिन्यांनी भिंत कोसळली, दोन मजूर दगावले. चौकशीत साहेबांनी सरळ हात वर केले. असं पत्र आलंच नाही म्हणाले. सगळं खापर पंपचालकाच्या डोक्यावर फुटलं. नोकरी गेली, ओळखीची माणसं रस्ता बदलू लागली. चार वर्षं तो खिडकीकडे पाठ करून बसला आणि तसाच गेला.

ते पत्र बाईंनी स्वतःच्या हाताने फायलीला लावलं होतं. पण भिंत पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांची बदली झाली आणि रेकॉर्डची किल्ली काढून घेतली गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी रीतसर अर्ज केला. ‘शोध घेतला, आढळून येत नाही.’ अपिलालाही तेच उत्तर. शेवटी वकील भाचीने प्रकरण कोर्टात नेलं.

“मावशी, पत्र कुठे आहे ते तुला ठाऊक होतं, तर अर्जात का नाही लिहिलंस?”

“लिहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्याची राख झाली असती. आणि मला नुसता कागद नकोय गं. आधी त्या साहेबाला शपथेवर बोलू दे.”

आणि साहेब बोलले. प्रतिज्ञापत्रात त्यांनी लिहिलं होतं की एक ते चाळीस, प्रत्येक कपाट माझ्यासमक्ष उघडून तपासलं.

“सत्तावीस नंबरचंही?” भाचीने विचारलं.

“अर्थात. जुनी मोजमापाची पुस्तकं आहेत त्यात. एकेक पान चाळलंय.”

बाईंनी पदर सावरला. मोठ्या घाईने त्यांनी ओठ मिटले, नाहीतर हसूच फुटलं असतं.

कचेरीत सत्तावीस नंबरचं कपाटच नव्हतं. नंबर टाकणारा रंगारी सव्वीसनंतर थेट अठ्ठावीसवर गेला होता, आणि पुन्हा रंगवायचा कंटाळा म्हणून ते तसंच राहिलं. रेकॉर्डच्या खोलीत पाऊल टाकणाऱ्या कुणालाही ते दिसलं असतं. भाचीने खोलीचे फोटो पुढे ठेवले. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“साहेब, नसलेल्या कपाटातली पानं चाळलीत तुम्ही?” भाचीने विचारलं.

हुकूम झाला. कोर्टाच्या अधिकाऱ्यासमोर, बाईंच्या उपस्थितीत, साहेबांनी स्वतः शोधायचं. तिथून सगळे थेट कचेरीतच गेले.

“टाकीच्या फायली तिकडे आहेत,” साहेब कोरडेपणाने म्हणाले.

“तिकडे तुम्ही तेव्हाच हात फिरवला असणार,” बाई म्हणाल्या. “आमचे हेडक्लार्क पत्र लिहिणाऱ्याच्या खात्याच्या फायलीत लावायला सांगायचे. एकतीस नंबर. अगदी खालचा खण. पंपघराच्या हजेरीची फाइल.”

साहेबांना गुडघे टेकावे लागले. धुळीने ते खोकत राहिले. बाई मात्र त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत राहिल्या. एवढ्या वर्षांत वाळवी लागली असेल तर? कुणी दुसऱ्याने फाइल रद्दीत घातली असेल तर? मग नवरा कायमचा खोटाच राहणार.

पानं उलटता उलटता साहेबांचा हात थांबला.

कोर्टाच्या अधिकाऱ्याने कागदासाठी हात पुढे केला.

“जरा थांबा,” बाई म्हणाल्या. “त्यांना वाचू द्या. मोठ्याने.”

“बाई, मिळालं ना आता? कशाला उगाच...”

“माझ्या नवऱ्याला तुम्ही भरल्या कचेरीत खोटारडा म्हणालात. इथे तर चारच माणसं आहेत. वाचा.”

साहेबांनी वाचलं. ‘खाली माणसं कामाला लावू नयेत’ या ओळीशी त्यांनी कागद खाली केला, मग पुन्हा उचलून पुढे वाचलं. बाईंना वाटलं होतं, या वेळेला आपल्याला कीव येईल. बघितलं तर मनात कीव नव्हती, नावालासुद्धा नव्हती.

“कोपऱ्यात ‘पाहिले’ असं लिहून सही केलीय कुणीतरी,” त्या म्हणाल्या. “ती कुणाची, तेही सांगा. या कोर्टाच्या अधिकाऱ्यांना लिहून घ्यायचंय.”